फॅक्समधली हरवलेली रेघ

मुलांनो,

मागच्या आठवड्यात आमच्या चौथीच्या वर्गात एक गंमत झाली. एका मुलाच्या आईने मला मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो पाठवला. फोटो काढताना बोटाची सावली पडलेली, त्यामुळे निम्मी अक्षरं दिसेचनात. 'न्यायला १ वाजता येते' की '११ वाजता'? शेवटी मी फोन करून विचारलं. वर्गात हे सांगताना मला माझ्या लहानपणी घरी आलेला एक फॅक्स आठवला.

"बाई, फॅक्स म्हणजे काय?" लगेच चार हात वर!

तुमच्या आई-बाबांना विचारा, त्यांना नक्की माहीत असेल. फॅक्स म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून पाठवलेली कागदाची नक्कल. मूळ कागद पाठवणाऱ्याकडेच राहतो आणि हुबेहूब तसाच कागद दुसऱ्या गावच्या यंत्रातून सरसर बाहेर येतो. गंमत म्हणजे ही कल्पना टेलिफोनपेक्षाही जुनी आहे बरं का! अलेक्झांडर बेन नावाच्या स्कॉटलंडच्या घड्याळजीने तिचं पेटंट १८४३ साली घेतलं. टेलिफोनचं पेटंट निघालं ते १८७६ साली.

आता माझी गोष्ट. १९९७ साल. मी तिसरीत होते. आम्ही रत्नागिरीत राहायचो आणि बाबा नोकरीसाठी ओमान देशात, मस्कतला होते. आमच्या घरी फोन नव्हता. पत्र यायला बरेच दिवस लागायचे. म्हणून घाईचं काम असलं की बाबा त्यांच्या ऑफिसातून फॅक्स करायचे. तो यायचा आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एसटीडी-आयएसडी बूथवर. बूथवाले काका पोराला पिटाळायचे, "वहिनी, मस्कतचा फॅक्स आलाय!" पानामागे पैसे द्यायचे आणि कागद घरी आणायचा.

परदेशातून फॅक्स करणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. पहिल्या वेळी बाबांचा फॅक्स लागेचना. रत्नागिरीचा कोड ०२३५२. बाबांनी तो जसाच्या तसा फिरवला होता. पण सुरुवातीचा शून्य असतो देशातल्या देशात फोन करणाऱ्यांसाठी. बाहेरून करताना आधी ००, मग भारताचा ९१, मग शून्य गाळून २३५२ आणि शेवटी बूथचा नंबर, असा क्रम लावावा लागतो.

दुसरी अडचण घड्याळाची. मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. बाबांना तिथे दुपारी बारा वाजता जरा सवड मिळायची, तेव्हा इथे वाजलेला असायचा दीड. बूथवाले काका तर एक वाजताच शटर ओढून जेवायला आणि वामकुक्षीला जात, ते थेट चारला परत! त्यात बाबांची सुट्टी शुक्रवारी आणि काकांचा बूथ बंद रविवारी. आईने या सगळ्याचं एक वेळापत्रक करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं.

त्या पावसाळ्यात आजीला चक्कर यायला लागली. तिला रक्तदाबाची गोळी चालू होती. आईने तिचे रिपोर्ट पोस्टाने बाबांकडे पाठवले आणि बाबांनी ते तिथल्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवले. मग फॅक्स आला. बाबांनी फिक्या निळ्या पेनाने बारीक अक्षरात लिहिलं होतं. त्यातली एक ओळ अशी दिसत होती : 'सकाळी १ २ गोळी. आपल्या डॉक्टरांना विचारून मगच द्यावी.'

एक-दोन गोळ्या? रोज एक तर चालूच होती, मग आता दोन द्यायच्या? आई तो कागद घेऊन तशीच आमच्या डॉक्टरांकडे गेली. मीही छत्री धरून बरोबर. डॉक्टरांनी कागद उजेडात धरला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "वहिनी, औषधात अंदाज चालत नाही. आधी विचारून घ्या."

आईने बूथवरून लगेच उलट फॅक्स केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, जाड काळ्या पेनाने, ठसठशीत अक्षरात : 'अर्धी गोळी. एका गोळीचे दोन तुकडे करून त्यातला एकच.' बाबांनी लिहिलं होतं १/२, पण मधली तिरकी रेघ वाटेत हरवली होती! आमच्या डॉक्टरांनी आजीला तपासलं आणि अर्धी गोळी सुरू केली. हळूहळू तिची चक्कर थांबली. रेघेच्या भरवशावर दोन गोळ्या दिल्या असत्या तर? आई अजूनही तो विषय निघाला की गप्प होते.

रेघ गेली कुठे? फॅक्सचं यंत्र कागद आपल्यासारखा वाचत नाही. ते पानाचे बारीक बारीक आडवे पट्टे पाडतं, साध्या फॅक्समध्ये एका मिलिमीटरला जेमतेम चार. प्रत्येक पट्ट्यावर १७२८ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला यंत्र एकच प्रश्न विचारतं : काळा की पांढरा? मधलं काही नाही. फिकी निळी रेघ दिसली की ते सरळ म्हणतं, पांढरा! आपल्या मराठीतले अनुस्वार आणि काने-मात्रे तर फार लवकर बळी पडायचे. 'फाइन' नावाचं बटण दाबलं की पट्टे दुप्पट व्हायचे, अक्षर स्वच्छ यायचं, पण वेळही जास्त लागायचा आणि परदेशी फोनचं बिल मिनिटावर चढायचं.

त्यानंतर आमच्या घरात नियमच झाला. महत्त्वाचा आकडा अंकात लिहायचा आणि अक्षरातही. खाली एकूण पानं किती तेही लिहायचं. आणि शंका आली तर विचारायचं, लाजायचं नाही.

आईने आणखी एक शहाणपण केलं. बाबांचं प्रत्येक पत्र तिने वहीत उतरवून ठेवलं. बूथवरचा गुळगुळीत फॅक्स-कागद उष्णतेने काळा होणारा असायचा. त्यावर शाई नसतेच. परवा आईची ट्रंक उघडली तर तो कागद कोरा झालेला. वहीतली 'अर्धी गोळी' मात्र जशीच्या तशी!

आता करून पाहा. चौकटीच्या वहीत दहा बाय दहा चौकटींत एक साधं चित्र काढा. मित्राकडे पाठ करून बसा आणि एकेक ओळ सांगा : 'पांढरे तीन, काळे दोन, पांढरे पाच...' मित्राने ऐकून चौकटी रंगवायच्या. झाला तुमचा फॅक्स! मग तसाच १/२ पाठवून बघा. तिरकी रेघ पोचते का, ते मला नक्की कळवा.

तुमच्या बाई