घरचे वाहन : जुन्या रंगाला नवी झळाळी

इमारतीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली लाल मारुती ८००. इंजिन अजून ठणठणीत आहे, दारेही नीट लागतात. पण बॉनेटवरून हात फिरवला की तळव्याला लाल भुकटी लागते. एके काळचा लालभडक रंग आता विटून खडूसारखा गुलाबट झाला आहे. मग घरात वाद सुरू होतो. मुलगा म्हणतो, "आता विकून टाका." वडील म्हणतात, "पूर्ण गाडी रंगवून घेऊ." पहिल्यात आठवणी जातात, दुसऱ्यात पैसे. पुष्कळदा या दोन्हींची गरज नसते, कारण खरा रंग त्या भुकटीखाली शाबूत असतो.

रंग का मरतो?

गाडीच्या रंगात दोन मुख्य गोष्टी असतात : रंग देणारी पूड आणि ती धरून ठेवणारे राळेसारखे द्रव्य. उन्हातील अतिनील किरण आणि हवेतील प्राणवायू यांमुळे वरच्या थरातील हे द्रव्य हळूहळू तुटत जाते. पूड मोकळी होते, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि प्रकाश सरळ परतण्याऐवजी सगळीकडे विखुरतो. म्हणून रंग पांढुरका दिसतो. टप आणि बॉनेट यांवर ऊन थेट पडते, म्हणून तेच आधी मरतात. लाल रंग तर सर्वांत लवकर.

आधी दोन परीक्षा

निस्तेज भागावर थोडे पाणी शिंपडावे. पाणी खडबडीत खाचा भरून काढते. ओला असताना रंग गडद, खोल दिसला तर तो परत आणता येईल, असे समजावे.

दुसरी परीक्षा फडक्याची. पांढऱ्या फडक्यावर किंचित पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात चोळावे. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर रंग जुन्या पद्धतीचा, पारदर्शक थर नसलेला आहे. जुन्या पद्मिनी, चेतक आणि सुरुवातीच्या अनेक मारुतींवर असाच रंग सापडतो. रंग लागला नाही, तर वर पारदर्शक 'क्लिअर कोट' आहे. मेटॅलिक रंगांवर तो बहुधा असतो. हा थर पापुद्र्यांसारखा सुटू लागला असेल, तर कितीही घासून उपयोग नाही. तेवढा भाग रंगवून घ्यावा.

कृती

गाडी सावलीत उभी करून भरपूर पाण्याने आणि शाम्पूने धुवावी. राहिलेला धुळीचा एक कणही नंतर ओरखडा काढतो. कडा, कोपरे आणि रबराच्या पट्ट्या यांवर मास्किंग टेप लावावी, कारण कडांवर रंग सर्वांत पातळ असतो आणि तिथेच तो आधी उडतो.

सुरुवात नेहमी सौम्य पॉलिशने करावी. मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापडावर थोडे पॉलिश घेऊन एका वेळी फूटभर जागाच हलक्या हाताने घासावी. कापड रंगाने भरले की बाजू बदलावी. दोन-तीन वेळा करूनही फरक पडला नाही, तरच रबिंग कंपाऊंड घ्यावे आणि त्यानंतर पुन्हा पॉलिश करावे. नवशिक्याने फिरते यंत्र हाती घेऊ नये. क्षणभर एका जागी थांबले तरी ते रंग जाळते.

जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून तो कोरडा घासू नये, भुकटी उडू देऊ नये, लहान मुलांना दूर ठेवावे आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

हात कुठे थांबवायचा?

कारखान्यातील रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते, म्हणजे फार तर मिलिमीटरचा सातवा हिस्सा. पॉलिश चमक वरून चढवत नाही, मेलेला थर काढून टाकते. प्रत्येक वेळी ही शिल्लक कमी होते. दर दिवाळीला कंपाऊंड मारणाऱ्याच्या गाडीवर एक दिवस कडेचा प्रायमर डोकावतो. त्यानंतर रंगवण्याशिवाय गत्यंतर नसते. म्हणून रंग उजळला की थांबावे. एखादा खोल ओरखडा राहिला, तर राहू द्यावा.

चमक टिकवण्यासाठी

उघडा पडलेला रंग संरक्षणाशिवाय ठेवला, तर तो पुन्हा विटतो. पॉलिशनंतर लगेच मेणाचा पातळ थर द्यावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा लावावा. रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याची सवय मोडावी. त्या फडक्यातील धूळच रंग खरवडते. आधी पाणी, मग फडके. रॉकेलने पुसल्यास तासभर चकाकी येते, पण चिकट थरावर धूळ बसते आणि रबर खराब होते. पक्ष्यांची विष्ठा दिसताच भिजवून काढावी. धुळकट गाडीवर कव्हर घालू नये.

एका रविवारी आधी फक्त बॉनेटच उजळून पाहावे. त्यात स्वतःचा चेहरा दिसू लागला, की गाडी विकायची की ठेवायची, हा वाद घरात पुन्हा एकदा, या वेळी शांतपणे करता येईल.