पाठीवरची प्लेट हलकी हवी, पण कुणाला?

ग्रँड आयलंडच्या डायव्हिंग बोटींवर आपली बरीच पोरं कामाला आहेत. पंख्यात अडकलेलं जाळं सोडवायलाही आता काही जण सिलिंडर लावून उतरतात. सिलिंडर आणि हवेची पिशवी पाठीशी धरून ठेवणारी बॅकप्लेट हलकी घ्यायची, असं सध्या सगळ्यांच्या डोक्यात आहे. आमचं मत वेगळं आहे. आपल्याच बोटीवरून बुडी मारणाऱ्याने हलकेपणासाठी जादा पैसे घालू नयेत.

हिशोब बघा. ३ मि.मी. जाडीची स्टेनलेस स्टीलची प्लेट साधारण अडीच किलो भरते, त्याच मापाची अ‍ॅल्युमिनियमची किलोच्या आत. पण अ‍ॅल्युमिनियमचं सिलिंडर हवा संपत आली की वर ओढतं, वेटसूटही तरंगतो. मग प्लेटमध्ये वाचवलेलं वजन शिसं म्हणून कमरेला बांधावंच लागतं. हलकं काय झालं?

हलकी प्लेट विमानाने अंदमान-लक्षद्वीपला कामाला जाणाऱ्याला उपयोगी. शिसं तिथे मिळतं, सामानाच्या वजनाचे पैसे मात्र आपल्या खिशातून जातात. त्याने ५०८३ किंवा अ‍ॅनोडाइज केलेलं ६०६१ अ‍ॅल्युमिनियम घ्यावं. बोल्ट स्टीलचे असतील तर मध्ये प्लास्टिकचे वॉशर घाला. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना लागले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. बोटीला आपण झिंक लावतो ते याच कारणाने.

कार्बन फायबर गंजत नाही, पण महाग. डेकवर आपटून त्याचे पदर सुटले तर आपला वेल्डर काही करू शकत नाही.

स्टील घेताना ३१६ च मागा. ३०४ मध्ये ३१६ सारखं मॉलिब्डेनम नसतं, म्हणून खाऱ्या पाण्यात त्याला लवकर डाग आणि खड्डे पडतात. डोळ्यांनी दोन्ही सारखीच दिसतात, तेव्हा बिलावर ग्रेड लिहून घ्या. पत्रा कापून प्लेट बनवून घेत असाल तर पट्ट्याच्या खाचांच्या कडा घासून गुळगुळीत करा, नाहीतर पट्टाच कापला जाईल.

एक गोष्ट मात्र विसरू नका. शिशाचा पट्टा अडचणीत सोडून देता येतो, पाठीवरची प्लेट नाही. नुसत्या टी-शर्टवर, जड स्टील सिलिंडरसोबत स्टीलची प्लेट लावू नका. आधी उथळ पाण्यात, सिलिंडर जवळजवळ रिकामं असताना वजन जुळवून बघा.

संस्थेने खरेदी करायची तर बोटींसाठी ३१६ च्या प्लेटी घ्याव्यात, बाहेर जाणाऱ्यांसाठी एक-दोन अ‍ॅल्युमिनियमच्या ठेवाव्यात. उरलेल्या पैशातून आधी रेग्युलेटरची थकलेली सर्व्हिसिंग करावी. सभासदांनो, तुमचा अनुभव खाली लिहा, पुढच्या बैठकीत विषय घेऊया.