नवा फोन : केव्हा, कोठून आणि कशासाठी?

व्यापाऱ्याच्या घरात खरेदीचे शिक्षण वेगळे द्यावे लागत नाही. माल केव्हा उचलावा, उधारी किती दिवसांची घ्यावी, हमाली आणि भाडे धरून पडता काय बसतो, हे मुलांच्या कानावर जेवतानाच पडत असते. मात्र हाच जाणता व्यापारी घरासाठी मोबाइल फोन घ्यायला निघतो, तेव्हा पडता काढण्याची सवय बहुधा पेढीवरच ठेवून जातो. जाहिरातीतील ‘आज रात्रीपर्यंतच’ हे शब्द त्याच्यावर परिणाम करतात. तेच शब्द आपल्या दुकानाच्या फलकावर आपणच कितीदा लिहिले आहेत, हे तो विसरतो.

तालुक्याच्या गावातील एका कापड दुकानाचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. वडील गादीवर, मुलगा गल्ल्यावर. मुलाचा फोन पाच वर्षांचा, वडिलांचा चार वर्षांचा. दोघांचीही तक्रार एकच, की फोन संध्याकाळपर्यंत टिकत नाही. दोन नवे फोन घ्यायचे ठरू लागले, तेव्हा आजींनी सामायिक सुरू असलेला जप थांबू न देता, तो संपल्यावर, एकच प्रश्न विचारला, “अरे, पण जुन्याला नेमकं झालंय काय?”

खरेदीचा पहिला प्रश्न हाच असायला हवा. फोनमधील लिथियम-आयन बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. काही शे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची धारणशक्ती कमी होत जाते. तेवढ्यासाठी संपूर्ण फोन बदलणे म्हणजे गाडीचा टायर झिजला म्हणून गाडी विकण्यासारखे आहे. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातून बॅटरी बदलून घेतली, तर फोन पुढे दीड-दोन वर्षे सहज चालतो. वडिलांच्या फोनचा प्रश्न असा थोड्या रकमेत सुटला.

मुलाच्या फोनचे दुखणे निराळे निघाले. त्याला कंपनीकडून मिळणारे सुरक्षा अपडेट दोन वर्षांपूर्वीच बंद झाले होते. ज्या फोनवर दुकानाचे यूपीआय, बँकेचे खाते आणि ग्राहकांचे क्रमांक आहेत, तो फोन असा ठेवणे म्हणजे गल्ल्याचे कुलूप ढिले ठेवणे होय. तेव्हा नवा फोन घेण्याचे योग्य कारण हे. म्हणून फोन निवडताना कॅमेऱ्याच्या आकड्यांआधी सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे विचारावे. गूगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या वरच्या श्रेणीतील नव्या फोनांना सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. स्वस्त फोनांत हा काळ पुष्कळदा बराच कमी असतो. किंमतीला वर्षांनी भागून पाहिले, की महाग कोणता आणि स्वस्त कोणता याचे उत्तर कधी कधी उलटे येते.

आता ‘केव्हा’. आयफोनचे नवे मॉडेल बहुधा सप्टेंबरमध्ये येते, सॅमसंगची वरची श्रेणी वर्षाच्या आरंभी येते. नवे आले की आधीच्या मॉडेलची किंमत उतरते, आणि सामान्य वापरात एका वर्षाच्या अंतराने फारसे बिघडत नाही. मोठ्या सवलतींचा मोसम दसरा-दिवाळीच्या आसपासचा. आपल्याकडे चातुर्मासात, विशेषतः पर्युषण आणि दशलक्षण पर्वात, अनेक कुटुंबे नवी खरेदी टाळतात. हा संयम व्यवहारालाही धरून आहे. जुना फोन चालत असेल तर क्षमावाणीनंतर थोडे थांबण्यात काही जात नाही, आणि उत्तम शौच व उत्तम आकिंचन्य यांचे चिंतन करून उठलेले मन ‘आज रात्रीपर्यंतच’ या हाकेला तितकेसे भुलत नाही. फोन बंदच पडला असेल, तर मात्र सवलतीची वाट पाहत धंदा अडवू नये.

दिवस निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. क्रेडिट कार्डाने पैसे द्यायचे असतील, तर बिलाची तारीख उलटल्यावर लगेच खरेदी करावी, म्हणजे सुमारे दीड महिना बिनव्याजी मिळतो. अर्थात मुदतीत पूर्ण रक्कम भरणार असू तरच. दुसरी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. नव्या फोनवर यूपीआय सुरू केल्यावर पहिल्या २४ तासांत अनेक बँका ५,००० रुपयांपर्यंतच व्यवहार करू देतात. ज्या दिवशी व्यापाऱ्याला मोठी रक्कम चुकती करायची आहे, त्या दिवशी फोन बदलू नये.

हप्त्यांचा मोहही तपासून घ्यावा. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते. आजच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांत व्याज असतेच, ते सवलतीच्या रूपाने किंमतीतून वजा दाखवले जाते. समजा, फोन ३५,४०० रुपयांचा आहे आणि ५,९०० रुपयांचे सहा हप्ते आहेत. वार्षिक १५ टक्के दराने त्यातील व्याज सुमारे १,४९८ रुपये होते. कार्डावरील अशा व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २७० रुपये, ग्राहकाकडून वेगळे घेतले जातात. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर करासह ते २३५ होते. फुकटच्या हप्त्यांची किंमत अशी ५०५ रुपये पडते, आणि रोखीने मिळू शकणारी सूट हातची जाते ती निराळीच.

पुढचा प्रश्न ‘कोठून’. त्या कापड दुकानात फोनची चर्चा चालू होती त्याच दिवशी दुपारी एका लग्नघरच्या मंडळींनी पन्नासेक साड्या उलगडून पाहिल्या, दोन-तीन साड्यांचे फोटो काढले आणि ‘कळवतो’ म्हणून ती निघून गेली. ती पुन्हा येणार नाहीत, हे वडिलांना घड्या घालतानाच कळले होते. संध्याकाळी मुलाने फोनवर किंमत दाखवली. “अण्णा, समोरच्या दुकानात ३५,४०० सांगतात. ऑनलाइन ३४,५०० ला मिळतो.” समोरच्या दुकानदाराच्या घरचे सणासुदीचे कापड वर्षानुवर्षे यांच्याच दुकानातून जात होते. वडिलांनी घड्या घालता घालता म्हटले, “दुपारची मंडळी आता हेच बोलत असतील.”

हा युक्तिवाद भावनेचा आहे, तरी त्यात हिशेबही आहे. समोरच्या दुकानदाराने काच बसवून दिली, कव्हर दिले, जुन्या फोनातील सगळी माहिती नव्यात उतरवून दिली आणि बिघाड झाल्यास सेवा केंद्रापर्यंत पाठपुरावा करण्याचा शब्द दिला. नऊशेची तफावत बरीचशी तिथेच भरून निघाली. ऑनलाइन खरेदीत वाईट काही नाही. गावात हवे ते मॉडेल नसेल तर तोच मार्ग. मात्र तेथे संकेतस्थळाचे नाव मोठे असले तरी प्रत्यक्ष विक्रेता दुसराच असू शकतो. बिल त्याच्या नावाचे येते, म्हणून त्याचे नाव आणि परताव्याच्या अटी आधी वाचाव्यात. खोके उघडताना चित्रफीत काढून ठेवावी. सवलतीचे प्रमाण छापील किंमतीवरून न मोजता बाजारात त्या दिवशी चालणाऱ्या किंमतीवरून मोजावे.

मुलाकडे आणखी एक माहिती होती. शहरातील एका दुकानात तोच फोन बिलाशिवाय ३१,५०० रुपयांत मिळत होता. आता खरा हिशेब मांडायची वेळ आली. एप्रिल २०२० पासून मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे. ३५,४०० मध्ये फोन ३०,००० चा आणि कर ५,४०० चा. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक असेल आणि विक्रेत्याने ते बिल आपल्या विवरणात दाखवून ते जीएसटीआर-२बी मध्ये उतरले असेल, तर धंद्यासाठी वापरलेल्या फोनचा कर वजावटीस मिळतो. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ही वजावट नाही. वजावट घेतलेल्या कराच्या रकमेवर पुन्हा घसारा घेता येत नाही. जुना फोन देऊन नवा घेतला, तरी कर पूर्ण किंमतीवर लागतो. जीएसटीच्या २७व्या नियमात तर मोबाइलचेच उदाहरण आहे : अदलाबदलीत २०,००० ला दिलेल्या फोनची एरवीची किंमत २४,००० असेल, तर मूल्य २४,००० धरावे.

संपूर्ण वजावट घेतली तर बिलाचा फोन ३०,००० ला पडत होता, म्हणजे बिनबिलाच्या फोनपेक्षाही स्वस्त. पण मुलाचा फोन अर्धा दुकानाचा आणि अर्धा घरचा. प्रामाणिकपणे अर्धीच वजावट, २,७०० रुपये, धरायची तर पडता ३२,७०० चा बसला. बिनबिलाचा फोन १,२०० रुपयांनी स्वस्तच राहिला. हिशेब अशा जागी येऊन थांबतो तेव्हाच श्रावकाची परीक्षा असते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील तीन आजच्या मोबाइल बाजारासाठीच सांगितले असावेत असे वाटते. चोरीचा माल घेणे म्हणजे तदाहृतादान. राज्याच्या नियमांचे उल्लंघन म्हणजे विरुद्धराज्यातिक्रम. कर चुकवून केलेली खरेदी यातच येते. खऱ्याच्या नावाखाली खोटे विकणे म्हणजे प्रतिरूपकव्यवहार. दुरुस्त केलेला फोन नवा म्हणून खपवणे हे त्याचेच रूप. यातील पहिल्या दोषाची शंका दूर करणे आता सोपे आहे. *#०६# दाबले की फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो खोक्यावरील आणि बिलावरील क्रमांकाशी जुळवावा, आणि दूरसंचार विभागाच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तपासून पाहावा. जुना फोन विकत घेताना तर हे केल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि मूळ बिल मागावेच.

वडिलांनी १,२०० रुपयांचा आकडा कागदावर लिहिला आणि मुलापुढे सरकवला. “उद्या आपल्या दुकानात कोणी म्हणालं, बिल नको, भाव कमी करा, तर तू काय सांगशील?” मुलाने उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने समोरच्या दुकानातून जीएसटी क्रमांकासह पक्के बिल घेऊन फोन आणला. त्या बिलाबरोबर कंपनीची वॉरंटी आली, फोन चोरीस गेल्यास तक्रारीचा पुरावा आला आणि वस्तू सदोष निघाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे दार उघडे राहिले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही बिल हाती असलेल्यालाच खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो.

जुना फोन उरला. घराघरांतील कपाटांत असे दोन-तीन फोन पडलेले असतात, आणि परिग्रहाचे परिमाण मोजताना ते कोणी धरत नाही. चालण्यासारखा फोन असेल तर त्यातील खाती काढून, माहिती पुसून, एखाद्या गरजू विद्यार्थ्याला द्यावा. निकामी असेल तर कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात पोहोचवावा. फुगलेली किंवा ठेचलेली बॅटरी कचऱ्याच्या ढिगात पेट घेऊ शकते, आणि त्या आगीत किती जीवांची विराधना होते याचा हिशेब कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

दिवाळीला भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी नव्या वह्यांचे पूजन होईल. त्या कापड दुकानाच्या वहीत त्या फोनच्या नावे ३५,४०० रुपयांची नोंद असेल, वजावट २,७०० ची असेल. आणि त्या नोंदीचे बिल फाइलमध्ये, मागितल्याबरोबर सापडेल अशा जागी लावलेले असेल.