ऑपरेशननंतरची पाच वर्षं

या आठवड्यात पुन्हा तीच बातमी. चार महिन्यांच्या बाळाच्या एका डोळ्यातला जन्मजात मोतीबिंदू काढला, पाहुण्यांच्या हस्ते सत्कार झाला आणि मथळा आला: 'चिमुकल्याला दृष्टी मिळाली'. पण गोष्ट इतकी सोपी नसते. आजोबांचा मोतीबिंदू काढला की ते आठवड्याभरात पेपर वाचू लागतात, कारण त्यांचा मेंदू बघायला कधीच शिकलेला असतो. बाळाचा अजून शिकायचा असतो. एकाच डोळ्यात मोतीबिंदू असेल, तर ऑपरेशन साधारण सहा आठवड्यांच्या सुमारास व्हावं लागतं. चार महिने म्हणजे उशीरच.

अमेरिकेतल्या 'इन्फंट अफेकिया ट्रीटमेंट स्टडी'कडे बघा. एका डोळ्यात मोतीबिंदू असलेली 114 बाळं, सगळी सात महिन्यांच्या आतली. निम्म्यांच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं, उरलेल्यांना कॉन्टॅक्ट लेन्स दिली. मुलं साडेचार वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांची नजर जवळपास सारखीच भरली. मात्र भिंगवाल्यांपैकी 72 टक्के मुलांवर पाच वर्षांच्या आत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, लेन्सवाल्यांत 21 टक्क्यांवर. आणि दोन्ही गट मिळून सुमारे निम्म्या मुलांची त्या डोळ्याची नजर 6/60 किंवा त्याहून कमी. नामवंत केंद्रांत, नेमाने तपासण्या होत असताना ही गत! आपल्या खेड्यात बाळाची लेन्स हरवली तर दुसरी कुठून आणायची? इथल्या डॉक्टरांनी भिंग निवडलं, तर मी त्यांना दोष देणार नाही.

भिंग असो वा लेन्स, खरी लढाई घरात असते. त्या अभ्यासात पालकांना सांगितलं होतं: बाळ जितक्या महिन्यांचं, तितके तास रोज चांगला डोळा पट्टीने झाका, आठ महिन्यांनंतर जागेपणाचा निम्मा वेळ; म्हणजे मेंदूला ऑपरेशन झालेल्या डोळ्याने बघायला शिकावंच लागतं. डोळा झाकला की बाळाला धूसर दिसतं. ते रडतं, पट्टी ओढून काढतं, चिकटपट्टीने गाल लाल होतो. आई पुन्हा लावते. सासू म्हणते, "धडधाकट डोळा झाकून पोराला का छळतेस?" त्या घरात जाऊन समजावणारं कुणी नसेल, तर सर्जनची मेहनत पाण्यात. शिवाय अशा ऑपरेशननंतर काचबिंदू काही वर्षांनीही उद्भवू शकतो, म्हणून डोळ्याचा दाब तपासत राहावंच लागतं. त्या खेपांचं एसटीभाडं आणि बुडालेली रोजंदारी कोण देणार?

माझी मागणी साधी आहे. किती ऑपरेशनं झाली हे सांगणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने त्यातली किती मुलं तीन वर्षांनंतरही तपासणीला येतात आणि त्यांना किती दिसतं, तेही जाहीर करावं.

आणि वाचकहो, तान्ह्या बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरट काही दिसलं, तर 'मोठं झाल्यावर बघू' म्हणू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे. आशाताईंना सांगा आणि त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठा.