बाजार बंद करण्याआधी रक्त तपासा

कापड दुकानदाराने गुरांच्या रक्तावर का लिहावे, असे वाचक विचारतील. उत्तर आमच्या उधारीच्या वहीत आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये, ऐन पोळ्याच्या तोंडावर, आपल्याच जिल्ह्यात रावेर तालुक्यातील चिनावलला लम्पी निघाला. पुढच्या महिन्यात सारे राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले आणि गुरांचे बाजार बंद पडले. बैल विकून लग्नाच्या कापडाची उधारी फेडणारा गिऱ्हाईक पैसे कोठून आणणार? बेपारी, टेम्पोवाला, दोर-घुंगरू विकणारा, सर्वांचीच रोजी थांबली. मेलेल्या गायीमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार, वासरामागे १६ हजार अशी सरकारी मदत शेतकऱ्याला मिळाली. अडकलेल्या सौद्याला मात्र कोणी वाली नव्हता.

बंदी चुकीची होती असे माझे म्हणणे नाही. रोग माश्या-डासांनी पसरतो, बाजारात तो वाढलाच असता. तक्रार आहे ती निरोगी आणि आजारी गुरे एकाच काठीने हाकण्याची.

आपला बेपारी दात मोजतो, खूर पाहतो, रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतो. रक्त कोण पाहतो? लाळ-खुरकुताची लस घेतलेले जनावर आणि तो रोग खरोखर होऊन गेलेले जनावर यांतला फरक रक्ताच्या तपासणीत कळतो. विषाणू शरीरात वाढतो तेव्हा जी प्रथिने तयार होतात, ती शुद्ध केलेल्या लसीत जवळजवळ नसतात. त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडली की कळपात रोग फिरून गेला असे समजावे. बुळकांडी भारतातून गेली हेही लसीकरण थांबवून, गावोगावच्या गुरांचे रक्त तपासूनच सिद्ध झाले. २००६ मध्ये देशाला आणि २०११ मध्ये साऱ्या जगाला रोगमुक्तीचा दाखला मिळाला.

लम्पीत गोष्ट इतकी सोपी नाही, हे इमानदारीने सांगितले पाहिजे. आपल्याकडे शेळ्यांच्या देवीची जिवंत लस टोचली गेली, त्यामुळे नुसत्या प्रतिपिंडांवरून लस की रोग हे ओळखता येत नाही. विषाणूच शोधावा लागतो. तो रक्तात थोडे दिवस राहतो, गाठीच्या खपलीत जास्त. म्हणून रक्ताबरोबर खपलीचाही नमुना हवा, आणि तोही वेळेवर.

बाजार समिती सौद्यावर फी घेतेच. त्यातील काही हिस्सा नमुने घेण्यासाठी आणि जिल्ह्यातच तपासणीची सोय करण्यासाठी का नको? आपल्या बेपाऱ्यांनी जनावरामागे थोडी जादा रक्कम देण्याची तयारी आधी दाखवावी. मागणी घेऊन जाताना हात रिकामे नसावेत.