काटकसर की उधळपट्टी?

२०२४-२५ या वर्षी भारताच्या कोळसा उत्पादनाने शंभर कोटी टनांचा टप्पा ओलांडला. या पराक्रमाचे कौतुक झाले ते योग्यच. परंतु ज्या यंत्रांच्या बळावर तो घडला त्यांच्या प्रकृतीची विचारपूस कोणी केली? नवे यंत्र आले की त्याला हार घालतात. जुन्याच्या बेअरिंगसाठी मागितलेल्या रकमेवर मात्र पुष्कळदा प्रथम कात्री चालते.

ही काटकसर फसवी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. उघड्या खाणीत एक शॉवेल बंद पडला की डंपरांची रांग खोळंबते. वेतन, व्याज आणि घसारा मात्र खोळंबत नाहीत. देखभालीचा पैसा खर्चाच्या रकान्यात ठळक दिसतो. न निघालेल्या कोळशाची किंमत तेथे कोठेच दिसत नाही. हिशेबाचा हा दोष दूर झाल्यावाचून देखभालीस न्याय मिळणार नाही.

आणि हानी केवळ पैशाची नसते. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियाच्या अपर बिग ब्रँच खाणीत ५ एप्रिल २०१० रोजी स्फोट होऊन २९ कामगार दगावले. कोळसा कापणाऱ्या यंत्राचे दाते झिजलेले होते, ठिणगी विझविणारे पाण्याचे फवारे निकामी वा गायब होते, असे सरकारी तपासात निष्पन्न झाले. ती खाण पुढे विकत घेणाऱ्या कंपनीस २० कोटी ९० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. चार दाते आणि काही तोट्या यांची बचत अशी फळली! तेलही गेले, तूपही गेले. आणि गेलेले जीव तर कोणत्याच रकमेने परत येत नाहीत.

देखभालीच्या नावाखाली वाटेल तसा खर्च करावा, असे आम्ही म्हणत नाही. धडधाकट यंत्र वारंवार उघडणे हीदेखील उधळपट्टीच. वंगणाची तपासणी आणि बेअरिंगच्या कंपनांचे मापन यांवरून दुखणे आधीच ओळखता येते. पैसा प्रथम तेथे घालावा. यंत्र किती तास बंद राहिले आणि त्यापायी किती कोळसा बुडाला, हे दरमहा हिशेबात मांडावे. मुख्य म्हणजे, धोका दिसताच यंत्र थांबविणाऱ्या फोरमनला उत्पादन घटल्याचा जाब विचारला जाऊ नये.

चंद्रपूर-वणीचा कोळसा राज्यातील वीजकेंद्रांत जळतो. तेव्हा हा प्रश्न शहरवासीयांपासून दूरचा नाही. आपल्या घरातील दिवा कोणाच्या तरी जिवावर उजळू नये, एवढी अपेक्षा बाळगण्याचा नागरिकांस अधिकार आहे.