आधी नळाला शुद्ध पाणी द्या

पाणी उकळून प्या, शिळे खाऊ नका, चिकन पूर्ण शिजवा, हात धुवा. २०२५च्या फेब्रुवारीत ‘जीबीएस’ (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे संशयित रुग्ण दीडशेच्या पुढे गेल्यावर आरोग्य खाते आणि पुणे महापालिका नागरिकांना हेच बजावत होते. सल्ला योग्य आहे, प्रत्येक घराने तो पाळलाच पाहिजे. पण साथीचा फटका बसलेल्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी आणि एकूणच पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसराला निरोगी राहण्याचे धडे देणाऱ्या पालिकेने आपल्या नळातून काय येते, याचा जाब आधी द्यावा.

२०२१च्या जूनअखेरीस २३ गावे पालिकेत आली. साडेतीन वर्षांनी ही साथ आली, तेव्हाही यातल्या काही गावांची तहान विहिरीच्या पाण्यावर भागत होती. त्या पाण्यावर जलशुद्धीकरण केंद्रात प्रक्रिया होत नव्हती. क्लोरिन टाकले की झाले! शहराची हद्द वाढवण्याची घाई करणाऱ्यांना जलवाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रासाठी मात्र सवड मिळाली नाही. गढूळ पाण्याच्या तक्रारींची दखल घ्यायला माणसे अतिदक्षता विभागात पोहोचावी लागली, हा संताप आणणारा प्रकार आहे.

आणि पाणी उकळायचे कुणी, कशावर? पाच माणसांच्या घरात पिण्याचे पाणी रोज उकळायचे, निववायचे, गाळून भरायचे, हे काम बहुतेक घरांत बाईच्याच माथी पडते. सिलिंडर २०२५च्या सुरुवातीलाच आठशेच्या घरात होता. कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्याकडे शेगडी नसते. बांधकामावरच्या मजुराचे तर घर म्हणजे पत्र्याची खोली. ही मंडळी खानावळीत जेवतात आणि जारचे पाणी पितात. साथ आल्यावर पालिकेने सिंहगड रस्ता भागातले ३० खासगी पाणी प्रकल्प सील केले. दूषित पाणी विकणारे बंद झालेच पाहिजेत. मात्र इतकी वर्षे ते कुणाच्या डोळ्यांदेखत चालले? नळाच्या पाण्यावरचा विश्वास उडाला म्हणूनच हा धंदा फोफावला, हे पालिका सोयीस्कर विसरते.

‘जीबीएस’ एकाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे शेजारच्या रुग्णाला घाबरण्याचे कारण नाही. दूषित अन्नपाण्यातून ‘कॅम्पिलोबॅक्टर’सारखा जंतू पोटात जातो, त्याच्याशी लढणारी प्रतिकारशक्ती काहींच्या बाबतीत स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. उपचारासाठी लागणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिनच्या एकेका इंजेक्शनला हजारो रुपये पडतात. मोफत उपचारांची घोषणा झाली, तिचे स्वागतच आहे. पण ती वेळ येऊ न देणे हे पालिकेचे पहिले काम होते.

साथ आली की जबाबदारी घराच्या उंबऱ्याआत ढकलायची, ही सवय पुण्यापुरती नाही. करोनात ‘घरीच राहा’ हा आदेश धारावीतल्या दहा बाय दहाच्या खोल्यांनाही लागू होता; तिथे बहुतेकांना शौचालयासाठी बाहेरच पडावे लागते. छत्रपती संभाजीनगरला कित्येक दिवसांआड पाणी येते, म्हणून लोक पिंपे भरून ठेवतात. साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढला, की पुन्हा उपदेश घरमालकाला! नोटीस नागरिकाला द्यायची आणि पाणीपुरवठा खात्याला हात लावायचा नाही, हा अन्याय आहे.

नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन असावे, असा निकष आहे. तो पाळला जातो का, हे पालिकेने प्रत्येक भागातून रोज तपासून जाहीर करावे. समाविष्ट गावांसाठी शुद्धीकरण केंद्र कधी उभे राहणार, याची तारीख द्यावी आणि तोपर्यंत शुद्ध पाण्याचे टँकर मोफत पाठवावेत. नागरिकांनी पाणी उकळूनच प्यावे. जुलाबानंतर हातापायांना मुंग्या आल्या किंवा जिना चढणे जड झाले, तर घरगुती उपायांत एक दिवसही न घालवता रुग्णालय गाठावे.